एका टक्क्यापुरती आई

टेम्पोत कपाट चढत होतं आणि घरमालकाचा माणूस गॅलरीत उभा राहून आईकडे खुशी मागत होता. डिलाईल रोडची आमची खोली पागडीची. म्हणजे राहणारे आम्ही, भिंती मालकाच्या, आणि खोली विकली की भाडेपावतीवरचं नाव बदलून देण्यासाठी मालकाला त्याचा वाटा द्यायचा. तो त्याने महिन्यापूर्वीच मोजून घेतला होता. तरी त्याचा माणूस आला होता. एवढी वर्षं राहिलात, काहीतरी आठवण म्हणून द्या, असं म्हणत होता. आठवण आम्ही त्याला द्यायची! आईने पिशवीतून शंभराची नोट काढून त्याला दिली आणि वर पाणी हवं का तेही विचारलं.

सामान उतरवायला शेजारपाजारचे सगळे होते. माझा मोठा भाऊ तेवढा नव्हता. चाळीतल्या बायका त्याची चौकशी करत होत्या आणि मी ड्युटी आहे म्हणून सांगत होते. तुम्ही जे अजून त्या चाळीत आहात त्यांच्याशी मी खोटं बोलले. आज खरं सांगते. जे आमच्यासारखे बदलापूर-विरारला गेलात, त्यांना सांगायची गरज नाही. तुमच्या घरात थोड्याफार फरकाने हेच झालं असेल.

घर घेणं म्हणजे घराची किंमत देणं, असं मला वाटायचं. मी दादरला एका लॅबच्या काउंटरवर बसते, रोज बिलं फाडते, तरी एवढी बावळट होते. खोलीच्या पैशात बदलापूरचा वन बीएचके बरोबर बसत होता. रीसेलचा, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेला. बसत नव्हता तो वरचा खर्च. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाल, सोसायटीची ट्रान्सफर फी, आणि या सगळ्यांच्या मध्ये जिथे तिथे उभा असलेला चहापाण्याचा हात. सरणावर गेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात म्हणतात. मी जिवंत माणसाच्या टाळूवरचं खाताना पाहिली.

पहिला आमचा दलाल. आमच्याच गावचा, कणकवलीकडचा. चाळीत त्याचं येणंजाणं, आई त्याच्या आईला वहिनी म्हणायची. आपलाच माणूस म्हणून कमी घेतो, असं तो दर वाक्याला सांगायचा. विकणाऱ्याकडूनही तो घेतोय हे नंतर कळलं, आणि आमच्याकडून घेतलं ते कमी नव्हतंच, इतर दलाल तेवढंच घेतात. परक्या माणसाशी निदान घासाघीस तरी करता येते. आपल्या माणसाशी करायला गेलं की आईला वाईट वाटतं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी. ट्रान्सफर फीला सरकारने कमाल मर्यादा घालून दिली आहे, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी फी नियमात घेतली आणि वर आवारातल्या देवळासाठी ऐच्छिक देणगी सांगितली. किती ऐच्छिक, तर त्याशिवाय ना-हरकत पत्र मिळणार नाही इतकी. मी म्हटलं, देते, पावती फाडा, आणि त्यावर कशासाठी घेतली तेही लिहा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच त्यांच्या खिशात हात घातला आहे. ऐच्छिक देणगीचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही. लॅबमध्ये शिकलेली ही एकच गोष्ट मला उपयोगी पडली. पावती मागितली की निम्मे खर्च आपोआप पळतात. वकिलाच्या कारकुनाचा 'टायपिंगचा वेगळा' असाच पळाला. घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, आणि प्रत्येकजण म्हणतो की जाऊ दे गं, आयुष्यात एकदाच तर घेतो. याच वाक्यावर त्यांची पोटं चालतात.

उरलं मुद्रांक शुल्क. ते सरकारचं, तिथे पावती मागून काय होणार. पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत मिळते, हे मला आमच्या लॅबमधल्या एका मॅडमनी सांगितलं. अट एवढीच की खरेदीखतावर पुरुषाचं नाव नको. नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही.

मी ते घरी सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता, कारण मला पैशांपेक्षा भलताच आनंद झाला होता. आई लग्न होऊन त्या चाळीतल्या खोलीत आली तेव्हा भाडेपावती आजोबांच्या नावाने होती. मग बाबांच्या नावाने झाली. बाबा गेल्यावर दादाच्या. आईने त्या खोलीत गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवली, गिरण्या बंद पडल्यावर लोअर परळच्या ऑफिसांना डबे दिले, खोलीचा माळा तिच्या डब्यांच्या पैशातून झाला. आणि भांडण झालं की बाबांचं एक ठरलेलं वाक्य असायचं: 'हे माझ्या बापाचं घर आहे, पटत नसेल तर रस्ता मोकळा आहे.' बाबा वाईट नव्हते. चाळीतले सगळेच बाबा हे म्हणायचे. मी नवरा सोडून परत आले तेव्हा दादा तसं म्हणाला नाही, फक्त वहिनीला म्हणाला, जरा अॅडजस्ट कर, जाईल कुठे बिचारी.

दादाला आधी घर स्वतःच्या नावावर हवं होतं. मुलगा आहे मी, लोक काय म्हणतील, इथपासून सुरुवात होती. आईचं नाव दुसरं घालू, असं म्हटलं तरी तो गप्प बसायचा. पण मी एक टक्क्याचा आकडा कागदावर मांडून दाखवला आणि दहा मिनिटांत त्याचं मतपरिवर्तन झालं. आईच्या नावावर घेऊ, आईच तर आहे सगळं, असं तो म्हणाला. वहिनीने आईच्या पायाला हात लावला. मला वाटलं, माणसं शेवटी बरी असतात. याचीच मला आता सगळ्यात जास्त शिसारी येते.

नोंदणीच्या दिवशी आई अबोली रंगाची साडी नेसली होती. कॅमेऱ्यासमोर फोटो काढताना तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, अंगठे दिले, मग सही केली. तिची सही लांबलचक आहे, प्रत्येक अक्षर वेगळं. मागे रांग लागली होती, कारकून पेन आपटत होता, आणि आई सावकाश सही करत होती. मला कोण आनंद झाला. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

बाहेरच्या हॉटेलात आम्ही चहा-इडली घ्यायला बसलो. आम्ही तिघं आणि तो आपलाच माणूस. तिथे दादाने बॅगेतून दुसरी फाइल काढली. मला वाटलं, झेरॉक्स. ते बक्षीसपत्र होतं. आईने हे घर आपल्या मुलाला राजीखुशीने बक्षीस दिलं आहे, असं त्यात लिहिलेलं होतं, आणि पुढच्या आठवड्याची नोंदणीची वेळही घेऊन ठेवली होती.

दादा खूश होता. स्वस्तात सुरमई मिळाल्यावर माणूस जसा सांगतो तसा तो आम्हाला सांगत होता. आईकडून मुलाला घर बक्षीस दिलं तर शुल्क नावापुरतं. बाईच्या नावावर घेऊन एक टक्का वाचवायचा आणि मग बक्षीसपत्राने फिरवून घ्यायचं. दोन्हीकडून वाचलं. दलाल मान डोलावत होता. ही आयडिया त्याचीच होती, आणि तिचे तो वेगळे घेणार होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा मला म्हणाला, 'अगं फॉर्मॅलिटी आहे. सगळेच करतात.'

आईने इडली संपवली. बशीतला चहा प्यायली. मग दादाला विचारलं, 'म्हणजे माझा नाव त्या टक्क्यापुरता होता?'

'तसं नाही गं आई. तुझ्यानंतर माझंच आहे ना शेवटी?'

'माझ्यानंतर. आदी नाय,' ती म्हणाली. 'मी सही करूचंय नाय.'

तिने आवाज चढवला नव्हता. शेजारच्या टेबलावर ऐकूही गेलं नसेल. दादाने तिला समजावलं, मग चिडला, मग म्हणाला की मला विश्वासघातकी वाटतेस तू. आईला! हे मी कानांनी ऐकलं. आपला माणूस मध्ये पडला आणि म्हणाला, काकी, या वयात घर नावावर घेऊन काय वर नेणार आहात. त्याच्या इडलीचे पैसे आम्ही दिले होते.

त्या दिवसापासून दादा आणि वहिनी तिच्या माहेरी, कांदिवलीला. मग फोन सुरू झाले. गावाहून काका, मुलुंडचे मामा, ज्यांनी बाबांच्या आजारपणात एकदाही डोकावलं नव्हतं ते सगळे. आईला माझी फूस आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. नवरा सोडलेली बहीण घरात असली की असंच होणार. काकांनी तर मला फोनवर विचारलं, किती मिळणार आहेत तुला? मी फोन ठेवला आणि हात धुतले. खरंच साबण लावून धुतले.

बदलापूरला येऊन आता वर्ष होत आलं. गॅलरी नाही, बाल्कनी आहे. कोणी यायचं तर गेटवरून अॅपवर परवानगी मागतात. डिलाईल रोडला दार कधी बंद नसायचं म्हणून आपण हळहळतो; मी हळहळत नाही. त्या उघड्या दारातून कोण कोण आत येऊन बसलं होतं ते मी पाहिलं आहे. आठवतं ते मागच्या खोलीतल्या काकूंचं भाजीची वाटी घेऊन येणं. तेवढंच.

चार महिन्यांपूर्वी दादा आणि वहिनी परत आले. कांदिवलीला सासऱ्यांनीही कधीतरी बाहेरचा रस्ता दाखवलाच असणार. आईने त्यांना हॉल दिला, दादाला आवडतं म्हणून तिसऱ्या दिवशी शिंपल्यांचं सुकं केलं. बक्षीसपत्राचा विषय कोणी काढत नाही. दादा तिच्याशी नीट बोलतो, जरा जास्तच नीट. ते प्रेम आहे की पुढची तजवीज, हे मला ओळखता येत नाही, आणि ओळखायचा कंटाळा आला आहे.

मागच्या रविवारी आई आणि मी बाल्कनीत कोथिंबीर निवडत होतो. मी म्हटलं, आई, तू सही केली नाहीस ते बरं केलंस, नाहीतर मला कोण ठेवणार होतं. खरं सांगते, मला ऐकायचं होतं की तुझ्यासाठीच केलं. पुढे कधीतरी अर्धं तुझं, असंही.

आईने जुडीतली पिवळी पानं बाजूला काढली. 'तुझ्यासाठी नाय केलंय,' ती म्हणाली. 'ह्या घर तुझाय नाय. माझा आसा.'

मला लागलं. क्षणभर मीही फोनवरच्या त्या काकांच्या रांगेतच उभी होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. थोड्या वेळाने तिने निवडलेली कोथिंबीर माझ्या ताटात सारली आणि म्हणाली, 'रव हयसर. मी सांगतंय ना.'

आजवर ज्या ज्या घरात राहिले तिथे मला सगळ्यांनी चालवून घेतलं होतं. राहा असं, स्वतःच्या घरातून, पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं.