शेणाचा वाटा

आमच्याकडे जमीन नव्हती, जनावरही नव्हतं. तीर्थपुरीच्या बाजूला आमचं गाव. तिथं माय एका शेतकऱ्याचा गोठा झाडायची. बदल्यात ज्वारी आणि रोज दोन पाट्या शेण मिळायचं. त्याच्या गवऱ्यांवर आमची चूल चालायची.

मी पाचवीत असताना त्या शेतकऱ्यानं सरकारी अनुदानावर गोबरगॅस बांधला. गावातला पहिलाच. मालकिणीच्या स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटली, ती बघायला आम्हीही गेल्तो. खरं सांगते, मला ती फार आवडली. धुरानं सदा लाल असलेल्या डोळ्यांची मालकीण त्या दिवशी पोरीसारखी हसत होती.

दुसऱ्या दिवशी मालक मायला म्हणाला, "आजपासून शेण न्यायचं न्हाई. समदं टाकीत टाकायचं, पाणी घालून बराबर कालवायचं."

"मंग आमी चुलीत काय घालावं?"

"पऱ्हाट्या वेच."

कापसाच्या त्या वाळक्या काड्या आम्ही मायलेकी वेचून आणू लागलो. पावसाळ्यात त्या भिजल्या आणि घर धुरानं कोंडलं. धाकटी बहीण खोकू लागली, ती थांबेचना. डॉक्टर म्हणाले, पोरीला धुरापासून लांब ठेवा. एका खोलीच्या घरात कुठं लांब ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं गोठा झाडला, शेणाचा ढीग केला आणि हात धुतले. "झाडीन. कालवणार न्हाई," ती मालकाला म्हणाली.

मालक दुसरी बाई शोधू लागला. पण मायनं आदल्या संध्याकाळीच वस्तीतल्या बायांना गाठलं होतं. आणखी तीन घरांचे गोबरगॅस मंजूर झाल्ते. उद्या आपलंही शेण जाणार हे प्रत्येकीला कळत होतं. एकही गेली नाही. गोठ्यात बारा जनावरं. मालकिणीनं काही दिवस स्वतः कालवलं, मग तिची कंबर धरली. ज्योत बारीक होत होत भाकरी भाजेनाशी झाली.

शेवटी मालकीण आमच्या दारात आली. "माझा धूर गेलेला तुला बघवत न्हाई का गं?"

"तुमचा धूर गेला, लय बरं झालं," माय म्हणाली. "पण तो माझ्या घरात धाडायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

आतून बहिणीच्या खोकल्याचा आवाज आला. मालकीण कधी नव्हे ती उंबरा ओलांडून आत आली, बहिणीजवळ बसली आणि स्वतःच डोळे पुसू लागली.

तिनंच नवऱ्याला समजावलं. आधी आमच्या दोन पाट्या, उरलेलं टाकीत. कालवायच्या कामाची ज्वारी वेगळी. बाकीच्या तीन घरी बायांनी खड्डा खणायच्या आधीच वाटा ठरवून घेतला. कोरड्या गवऱ्यांनाही धूर होताच, पण बहीण रात्रीची झोपू लागली.

पुढं तालुक्याचे साहेब पाहणीला आले. माय सगळ्यांपुढं उभी राहिली. "ज्याच्या दारात जनावर न्हाई, त्याला गॅस कसा भेटल?"

"योजनेत तसं नाही, बाई."

"मंग घाला की. आन् तुमच्या वहीत लिहा."

साहेबांनी वही उघडली. मालक चिडून म्हणाला, "ही लय बोलाय लागली."

"अजून कुठं बोलले?" माय म्हणाली, आणि साहेबांचं लिहून होईपर्यंत तिथून हलली नाही.