लुपेचा पाय कसा मुरगळला

भाचीच्या लग्नात लुपेच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नणंदेच्या दारात उभ्या असलेल्या गाडीत सातजण दाटीवाटीनं बसलेले दिसले आणि तिला रडू फुटायचंच काय ते बाकी राहिलं.

बिचारे चांगल्या मनानंच बसले होते. लुपे आणि तिचा नवरा फिलेमोनी सावाई बेटावरून पहिल्यांदाच ऑकलंडला आलेत, आज शनिवार मोकळा आहे, उद्या चर्च, परवा विमान. मग त्या दोघांना शहर बघायला एकटं कसं सोडायचं, इतका साधा विचार. नणंदबाई ओलिवा तर मांडीवर उकडलेल्या तारो कंदांचं पातेलं घेऊन पुढच्याच सीटवर.

लुपे म्हणाली, आम्ही दोघंच जाऊन येतो.

ओलिवा खाली उतरली, तिनं लुपेला पपईच्या झाडामागे नेलं आणि हळू आवाजात विचारलं, की भांडलात का? नाही म्हटल्यावर विचारलं, की काही दुखणंखुपणं आहे का, डॉक्टरकडे जायचंय का? तेही नाही म्हटल्यावर ओलिवाची विचारशक्ती खुंटली. दोन धडधाकट माणसांनी दोघंच कुठेतरी जायचं याला तिसरं कारण तिला काही सुचेना. अखेर तह झाला: यांना शहरात सोडायचं आणि सूर्य बुडायच्या सुमाराला मिशन बेच्या किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून उचलायचं. तहात एक कलम ओलिवानं परस्पर घातलं. पातेलं यांच्याबरोबर जाईल. परमुलखात उपाशी राहू नये.

आता लुपेच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. तिनं ते फक्त एकीला सांगितलं होतं, म्हणून सावाईतल्या आमच्या साऱ्या गावाला माहीत आहे. तिला समुद्राकाठानं नवऱ्याचा हात धरून चालायचं होतं. बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं. आमच्या गावात या म्हणजे कळेल. घरांना भिंती नाहीत, नुसते खांब आणि वर छप्पर. इकडे शिंकलं की तिकडच्या टोकाचा माणूस देव भलं करो म्हणतो. नवरा-बायको रस्त्यानं एकत्र चालत नाहीत असं नाही. चालतात. नवरा पुढे, बायको मागे, मध्ये एक बऱ्यापैकी डुक्कर मावेल एवढं अंतर. हात धरायचा तो होडीत चढताना, तोही लाट मोठी असली तरच. त्यात फिलेमोनी चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा उजवा हात. बायकोकडे बघून हसायचं झालं तरी हा आधी मागे वळून कोण आहे का ते बघून घेतो, आणि तोवर हसू विरून गेलेलं असतं.

आणि लुपेनं आपियाच्या बंदरावर बघितली होती गोऱ्या पाहुण्यांची जोडपी. म्हातारी, सुरकुतलेली, उन्हानं लाल झालेली, कुठेही जायचं नसताना हातात हात घालून चालणारी. तिनं फिलेमोनीला विचारलं होतं, की हे असे का चालतात? त्यानं बराच विचार करून सांगितलं, की दोघांतल्या एकाला दिसत नसणार.

तर अशा माणसाला घेऊन लुपे रोमान्स करायला निघाली होती. तिनं निळा, पांढऱ्या फुलांचा नवा पुलेतासी पोशाख घातला होता, कानामागे फूल खोवलं होतं. फिलेमोनीनं चर्चचा काळा लावालावा लुंगीसारखा कमरेला गुंडाळला होता आणि दोन्ही हातांनी पातेलं छातीशी धरलं होतं. दोन्ही हातांनी. लुपेच्या ते तेव्हाच ध्यानात आलं आणि तिनं मनातल्या मनात नणंदेला दोन-चार गोष्टी ऐकवल्या.

आधी ते उंच मनोऱ्यावर गेले. खालच्या रखवालदारानं पातेल्याचं झाकण उघडून आत पाहिलं. फिलेमोनीला वाटलं, भुकेला आहे. त्यानं एक तुकडा पुढे केला. तो नको म्हणाला तरी फिलेमोनीनं टेबलावर ठेवून दिलाच. वर जमिनीत एका जागी काच बसवली होती, तिच्यातून पार खालचा रस्ता दिसायचा. लोक तिच्यावर उभे राहून किंचाळत होते, हसत होते, एकमेकांना धरत होते. ते धरणं लुपेनं बरोबर हेरलं आणि ती काचेवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, ये की, भीती वाटली तर मला धर.

फिलेमोनी काचेपाशी आला, वाकून खाली बघितलं आणि जागच्या जागी थिजला. उंचीला तो भ्याला नव्हता. नारळाच्या झाडावर त्याचं अर्धं आयुष्य गेलंय. त्यानं लुपेला कानात सांगितलं, की आपल्याला खालचे लोक दिसताहेत, म्हणजे खालच्या लोकांना वरचं दिसत असणार, आणि मी लावालावा नेसलोय.

लुपेनं त्याला समजावलं, की इतक्या खालून काही दिसत नाही. तो म्हणाला, दुर्बिणी असतात लोकांकडे. हात तर पातेल्यात अडकलेले. शेवटी लुपेनं मागून त्याचा लावालावा गुडघ्यांपाशी मुठीत घट्ट आवळून धरला आणि तो खेकड्यासारखा आडवा चालत काच ओलांडून गेला. साऱ्या ऑकलंडच्या डोक्यावर उभं राहून लुपेच्या हाती काय आलं, तर नवऱ्याच्या लावालावाचं टोक.

दुपारी ते शिडाच्या होड्यांच्या धक्क्यावर फिरले. फिरले म्हणजे लुपे फिरली. फिलेमोनी एकेका होडीपाशी थांबून पातेलं खाली ठेवायचा आणि दोर नीट बांधलाय का बघायचा. पातेलं खाली ठेवलं की लुपे लगबगीनं जवळ यायची, तेवढ्यात याचे हात दोरात. तीन मालकांनी त्याचे आभार मानले, चौथ्यानं पोलिसांना बोलवीन म्हणून दम दिला. मासे न धरणाऱ्या एवढ्या होड्या बघून फिलेमोनीला फार वाईट वाटलं.

बसनं मिशन बेला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. झाडं लाल फुलांनी पेटलेली, किनाऱ्याला लागून लांबच लांब पायवाट, समोर समुद्रात एक गुबगुबीत डोंगर बसलेला. आणि पायवाटेवर जोडपीच जोडपी.

फिलेमोनीनं सगळं बघून घेतलं. म्हणाला, "समुद्रच बघायचा होता, तर घरी काय कमी होता?"

"घरचा समुद्र कामाचा आहे," लुपे म्हणाली. "हा चालायचा आहे."

पण पातेल्याचं काय करायचं? लुपेनं डोकं चालवलं. पातेलं रिकामं झालं की ते एका हातात मावेल आणि दुसरा हात मोकळा होईल. ती म्हणाली, भूक लागली, बसूया, सगळं संपवूया. दोघं गवतावर बसले. आणि इथे तिचा नवरा आपल्या वळणावर गेला.

आमच्याकडे जेवायला बसलं आणि समोरून कुणी गेलं, की हाक मारायची असते: या, जेवायला या. जाणारा म्हणतो, असू दे, तुमचं चालू द्या, आणि पुढे जातो. जगाच्या आरंभापासून हे असंच चाललंय आणि आजवर एकही माणूस येऊन बसलेला नाही. फिलेमोनीनं पहिला घास हातात घेतला, समोरून एक घामानं निथळणारा पळपुट्या, म्हणजे ते व्यायामाला पळतात ना, तसला माणूस चालला होता. फिलेमोनीनं इंग्रजीत हाक घातली, या, जेवायला या.

तो थांबला. म्हणाला, खरंच? आणि येऊन बसला.

फिलेमोनीच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानं लुपेकडे पाहिलं. पण सवयीला काय करणार. पुढच्या माणसालाही तोंडातून हाक गेलीच, आणि तोही बसला. मग एक कुत्रावाली बाई. मग एक म्हातारा-म्हातारी, केकचा डबा घेऊन आलेली. लुपेला आधी बरंच वाटलं: तेवढाच तारो लवकर संपेल. पण डीकनच्या समोर पाचजण जेवायला बसलेत आणि प्रार्थना नाही, असं कसं होईल? फिलेमोनीनं सगळ्यांना गोल करून एकमेकांचे हात धरायला लावले.

लुपेच्या जीवात जीव आला. हात, अखेर! पण गोल होताना तिच्या एका बाजूला घामट पळपुट्या आला, दुसऱ्या बाजूला कुत्रावाली. फिलेमोनी पार समोर, एका हातात म्हातारा, दुसऱ्यात म्हातारी. आणि प्रार्थना लांबली. भाचीसाठी झाली, विमानासाठी झाली, मासे न धरणाऱ्या होड्यांसाठी झाली. लुपेनं एक डोळा उघडून सूर्य कुठवर आलाय ते पाहिलं.

आमेन झाल्यावर पाहुण्यांनी तारोची चव घेतली आणि फार छान, फार वेगळं म्हणत एकेक तुकडा बराच वेळ चावत बसले. वर म्हातारीनं आग्रहानं उरलेला सगळा केक पातेल्यात टाकला आणि दुसऱ्या माणसानं पिशवीतली संत्री. पातेलं सकाळपेक्षा जड झालं.

ते बघून लुपे उठली आणि चालायला लागली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

थोड्या वेळानं पाठीमागे चपला फटफटत आल्या. "काय झालं तुला? पाहुणे बसलेत तिकडे."

"माझा हात कुठाय, ठाऊक आहे तुला?"

फिलेमोनी गोंधळला. "खांद्याला आहे की."

"बावीस वर्षं तिथेच लोंबतोय. त्या म्हाताऱ्याचा धरलास, म्हातारीचा धरलास, चार होड्यांचे दोर धरलेस. दिवसभर पातेलं तर असं कवटाळलंस की मला त्या पातेल्याचा हेवा वाटला."

मग लुपेच्या लक्षात आलं की तो दोन्ही हात मोकळे घेऊन उभा आहे. बहिणीचं पातेलं त्यानं परक्यांच्या ताब्यात सोडलं होतं. या माणसानं वादळातसुद्धा बहिणीची वस्तू कधी खाली ठेवलेली नाही.

"लोक बघतील," तो पुटपुटला.

"कोण? तो कुत्रा?"

त्यानं पुढे बघितलं, मागे बघितलं, समुद्राकडेही एकदा बघून घेतलं. मग तळवा लावालावाला पुसला आणि तिचा हात धरला. धरला कसा, तर निसटता मासा धरतात तसा. लुपेला दुखलं, पण ती कशाला बोलते. दोघं चालायला लागले. बाजूबाजूनं, मध्ये डुक्कर काय, कोंबडीसुद्धा मावली नसती. फिलेमोनीचे कान लाल झाले होते आणि तो वाऱ्याची दिशा, भरती केव्हा असेल, असलं काहीबाही भराभर सांगत होता. मग हळूहळू बोलणं थांबलं आणि पकड सैल झाली; हात मात्र सुटला नाही. पाण्यावर सोनं पसरलं होतं. लुपेला वाटलं, ही वाट अशीच आपल्या सावाईपर्यंत गेली तर किती बरं.

तेवढ्यात भोंगा वाजला. किनाऱ्याच्या रस्त्यानं गाडी येऊन शेजारी थांबली होती आणि सगळ्या खिडक्यांतून मिळून सात तोंडं बाहेर आली होती. पुढच्या खिडकीत ओलिवा.

आमच्याकडे बहिणीसमोर भाऊ पाय पसरून बसत नाही, वेडावाकडा शब्द काढत नाही. बायकोचा हात धरून मावळत्या सूर्याकडे चालत जाणं तर दूरच. आता हा हात झटकून समुद्रात उडी मारणार, असं लुपेला वाटलं. तिनं आपणहून बोटं सैल केली.

त्यानं सोडली नाहीत. घाम फुटला, पण सोडली नाहीत.

ओलिवानं हाताकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. "माझं पातेलं कुठाय?"

"लुपेचा पाय मुरगळला," चर्चचा डीकन म्हणाला. "तिला धरावं लागलं. पातेलं ठेवून यावं लागलं."

लुपेनं तत्काळ डावा पाय उचलला.

मग काय, गाडीतून सगळे उतरले. लुपेला हातांवर उचलायची तयारी झाली. पण ती म्हणाली, की चालता येतंय, फक्त यांचा आधार हवा. आणि पातेलं आणायला अख्खी वरात किनाऱ्यानं मागे गेली: पुढे लंगडी लुपे नि हात धरलेला फिलेमोनी, मागे सगळं सासर. पळपुट्या आणि म्हातारा-म्हातारी पातेलं राखत बसले होते. ओलिवानं त्यांना पुन्हा तारो वाढला.

रात्री घरी ओलिवा तेलाची वाटी घेऊन बसली. पाय चोळण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, दुरून दुरून लोक येतात. तिनं घोटा दाबला, फिरवला, बोटं ओढली. लुपेनं जमेल तसं कण्हून घेतलं. ओलिवानं डोकं वर न करता विचारलं, की सकाळपासून दुखतंय का?

"फार वर्षांचं आहे," लुपे म्हणाली.

ओलिवानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग भावाला हाक मारून तिनं सगळ्यांच्या देखत हुकूम सोडला, की हाड बरं आहे, शीर आखडली आहे, आणि ती मोकळी होईतो हिला एक पाऊलही एकटं टाकू द्यायचं नाही. बहिणीचा शब्द म्हणजे आमच्यात कायदाच.

त्या कायद्यानं फिलेमोनीनं रविवारी बायकोचा हात धरून तिला चर्चच्या दारापासून पुढच्या बाकापर्यंत नेलं. सोमवारी विमानात नेलं. आमच्या धक्क्यावर बोटीतून उतरले ते हातात हात घालूनच. तोवर लुपे उजव्या पायानं लंगडायला लागली होती, पण आजार पसरतो कधीकधी.

पसरलाच. गेल्या महिन्यात आमच्या गावात चार बायकांचे पाय मुरगळले. त्यातल्या दोघींचे तर चटईवर बसल्या जागी मुरगळले. पाद्रीबाबांनी रविवारी गावातल्या बायकांच्या घोट्यांसाठी खास प्रार्थना केली. बायकांच्या बाजूनं त्या प्रार्थनेला कुणीच आमेन म्हणालं नाही.