जिभेवर तपासलेली बॅटरी

काल सभेआधी भोंग्याचे सेल तपासायला सवयीने तारेची टोकं जिभेला लावली. ती आंबट, झिणझिणती चव आली आणि मी आठ वर्षं मागे, बालाघाटच्या कॉलेजच्या मैदानावर, विमानांच्या स्पर्धेत जाऊन उभा राहिलो.

आमच्या मोहल्ल्यातल्या सुदामदादाने आणि मी बांबू-कागदाचं बिनइंजिनाचं विमान केलं होतं. आत रेडिओचा रिसीव्हर; खालून बटण दाबलं की शेपटी वळायची. त्याला बॅटरी कोणती, यावर घोडं अडलं. चार मोठे सेल नवे पण जड. चार छोटे हलके, पण आठवडाभर वापरलेले.

“मोठे लाव. हवेत बॅटरी गेली तं विमान आपलं आयकन काय?” दादा म्हणाला.

“जड झालं तं उडनच नाही, दादा. मंग हे सारे म्हनतीन, बौद्ध मोहल्ल्याचं विमान सरपटतेच! छोट्यायले जीभ लावून पाह्यली मी. दम हाय.”

“हौ, तुही जीभ म्हंजे मीटरच!” हसून त्याने माझं ऐकलं.

दोरीने वर चढवलेल्या विमानाने एक वळण ऐकलं, मग ऐकेना. दादा बटण दाबतच राहिला. विमान थेट स्पर्धा पाहायला किरनापूरहून आलेल्या बायांवर झेपावलं. एकीच्या मांडीवर बाळ होतं. बाळाच्या टाळूवरून वीतभर अंतराने ते कुंपणात घुसलं.

स्पष्टच लिहितो: त्या क्षणीही मला भीती लोकांच्या हसण्याची होती, बाळाची नव्हे. ही भीती आमच्यात कुणी पेरली, हे मी प्रत्येक पत्रकात विचारतो. पण सेल मीच निवडले होते.