डोळे मिटून घेतलेला पाठ

हसणार असाल तर चहा आधी संपवा. नंतर ठसका लागला तर माझ्या नावानं बोंब नको!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मॅट्रिक होऊन मी साताऱ्याला डी.एड. करत होते. तेव्हा शारीरिक शिक्षणात एक नवंच प्रकरण आलं, मुक्त हालचाली. कवायत नाही, आकडे नाहीत. वारा व्हा, झाड व्हा, मनातलं अंगातून दाखवा!

आता सांगा, आम्ही साडीतल्या मुली, बघायला वर्गातले सगळे पुरुष, आणि आम्ही झाड व्हायचं? पदर सांभाळायचा की फांद्या? मी तर कायम मागच्या रांगेत लपायची. आमचे सर पलटणीतून निवृत्त झालेले. पुस्तकातून वाचून दाखवायचे, पण पुढे काय करायचं ते त्यांनाही उमगत नसे.

अशात माझा सराव पाठ लागला. कोरेगावजवळचं एक गाव, तिसरीची मुलं, आणि विषय नेमका हाच! पाठ बघायला हेच सर. वडिलांनी निघताना बजावलं होतं, "नापास झालीस तर शाळा बास. लगीन उरकून टाकू."

मैदानात मुलं खांबासारखी उभी. मला वाटलं, माझ्यासारखीच लाजतायत बिचारी. म्हटलं, "मी डोळे मिटते. तुम्ही मनाला येईल तसं करा."

"कायबी, बाई?"

"काहीही."

"पळालं तर चालंल?"

"चालेल की! फक्त पाय वाजवायचे नाहीत. वाऱ्यासारखं जायचं."

"बगा हं बाई, मागनं मारायचं न्हाई!"

"नाही रे मारणार."

मी डोळे मिटले. अहो, काय ती हलकी पावलं! मला अगदी भरून आलं. "शाब्बास! अजून हलकं!" पावलं अजून हलकी झाली. "आता वारा लांब गेला..." तर खरंच काही ऐकू येईना! म्हटलं, पहिल्याच पाठात जमलं की!

डोळे उघडले. मैदानात चिमणीसुद्धा नाही. फक्त खुर्चीत सर.

"सर, मुलं कुठं?"

"कुंपणावरून गेली. पलीकडच्या गुऱ्हाळावर."

"मग थांबवलं का नाहीत?"

"मला वाटलं, पाठातच आहे!"

मग काय! पदर खोचला, कुंपणातून घुसले, पाटावरून उडी मारली आणि दोन्ही हात हलवत, ओरडत सुटले. गुऱ्हाळावर सगळी पोरं काकवी चाटत बसलेली. गूळ करणारा गुळव्या म्हणाला, "आवं बाई, पोरं म्हनत्यात, तुमीच धाडलंय!"

खोटं थोडंच होतं?

चिकट हातांची ती फौज हाकत परत आले. घामाघूम, केस सुटलेले. "सर, मी नापास ना?"

"छे! पास," सर म्हणाले. "मनातलं अंगातून दाखवणं म्हणजे काय, ते आज मला कळलं. तुम्ही पळत सुटलात ना, ते बघून! सोमवारी सगळ्या वर्गाला करून दाखवायचं."

लग्न टळलं खरं. पण सोमवारी भर मैदानात, पुढं एकही पोर नसताना, मी पदर खोचून धावत होते, आणि सर छाती काढून हुकूम सोडत होते,

"बाई... घाबर! एक, दो!"