वादी अल मुरची खिडकी

दोन हजार सोळाच्या डिसेंबरात माझा नवरा सुहास आणि मी ओमानला गेलो. माझा धाकटा भाऊ मस्कतजवळ बौशरला असतो. त्याच्याकडे आठवडाभर पाहुणचार झाल्यावर त्यानेच आम्हाला सूरच्या पुढे, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर धाडून दिलं. मॉल काय तुमच्याकडेही आहेत, म्हणाला, तिथून रोज एकेक ठिकाण बघून या.

पहिल्या सकाळी किनाऱ्यावर उतरलो, तर ओल्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकांसारखे रुंद पट्टे उमटले होते. अंडी घालायला आलेल्या कासविणींच्या त्या खुणा. प्रत्येक कासवीण वर येते आणि परत जाते, म्हणून पट्टे जोडीने असतात. एक मात्र एकटाच होता. वरपर्यंत आलेला आणि तिथेच संपलेला. आम्ही आसपास बरंच शोधलं. ना कासव, ना खड्डा. सुहास सिव्हिल इंजिनिअर. परतीचा पट्टा भरतीने पुसला असेल, असं त्याने सांगितलं आणि आम्ही नाश्त्याला गेलो.

दुसरा दिवस सूर गावात गेला. खाडीकाठी लाकडी गलबतं बांधतात तो कारखाना पाहिला. अर्धवट गलबताच्या उघड्या फासळ्यांमध्ये उभं राहिलं की आपलाच आवाज दबका येतो. दुपारी भाताबरोबर भाजलेला कनद (आपली सुरमई) खाल्ला आणि त्या आवाजाचा विसर पडला.

तिसऱ्या दिवशी सालिम आला. रिसॉर्टवर गाडी चालवणारा, चाळिशी ओलांडलेला, डोक्यावर कुम्मा (भरतकामाची गोल टोपी). त्याच्या वडिलांचं मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात दुकान होतं. तिथे रत्नागिरीचा एक माणूस कामाला असे, त्याच्याकडून सालिम हिंदी शिकला. शिवाय "बरां" हा एक शब्द, तो मात्र अस्सल कोकणातला. त्याने विचारलं, माझं जुनं गाव वादी अल मुर बघणार का? तिथे आता कुणी राहत नाही.

जालान गावाच्या पुढे डांबरी रस्ता सुटला आणि गाडी वाळूत डुलत चालली. एका टेकाडामागे सालिमने ती थांबवली. समोर फक्त वाळू आणि तिच्यातून वर आलेल्या भिंतींच्या कडा. काही पावलं गेल्यावर मला कळलं, की पायाखाली कुणाच्या तरी घराचं छप्पर आहे. सालिम लहान असताना वाळू सरकत आली. लोक रोज दारं मोकळी करत राहिले आणि शेवटी थकून निघून गेले. वाळू अजूनही हलते, तो म्हणाला. एखादं घर वर येतं, दुसरं बुडतं.

त्या दिवशी त्याचंच घर वर आलं होतं. भिंतीत एक खिडकी उघडी दिसत होती. आत खोली अर्धी वाळूने भरलेली, वर लाकडी तुळया. सालिमने बाहेरूनच बघायला सांगितलं. पण जुनी तुळई जवळून बघायचा मोह सुहासला आवरला नाही. मी नको म्हणेपर्यंत तो आत सरकलाही होता.

आधी एक बारीक घुमल्यासारखा आवाज आला. मग खिडकीवरचा वाळूचा उतार सावकाश, दूध उतू जावं तसा खाली आला आणि खिडकी दिसेनाशी झाली.

मी हातांनी उकरू लागले. जितकी वाळू काढावी तितकी वरून येत होती. सुहासला हाका मारत होते, उत्तर नव्हतं. सालिमने गाडीतून फावडं आणलं आणि एकदम हात वर करून मला थांबवलं.

"दीदी, सुनो. आवाज उधर से आता है."

घराच्या मागच्या बाजूने लाकडावर कुणी वाजवत होतं. टक. थांबून पुन्हा टक. घाई अजिबात नव्हती. मला रडूच आलं, सुहास जिवंत होता. आम्ही मागे धावलो आणि आवाज होता तिथे खणलं. गुडघाभर खाली मागच्या खिडकीची लाकडी झडप लागली. सालिमने फावड्याने ती उपटली. आत अंधारात सुहासचा चेहरा दिसला, छातीपर्यंत वाळूत रुतलेला. त्याला बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या पापण्यांवरही वाळू होती.

तो पाणी प्यायल्यावर मी म्हणाले, "वाजवत राहिलास म्हणून सापडलास."

त्याने बाटली खाली ठेवली. "अगं, माझे दोन्ही हात वाळूत होते. मला वाटलं, तुम्ही बाहेरून वाजवताय."

सालिमला मराठी येत नव्हती, पण त्याला समजलं असावं. त्याने वाळूकडे तोंड करून हलक्या आवाजात सलाम केला आणि आम्हाला गाडीत बसायला सांगितलं.

वाटेत जालानला त्याची थोरली बहीण रय्या राहते, तिच्याकडे त्याने नेलं. तिने खजूर आणि कहवा (वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी) पुढे ठेवला. सालिम अरबीत सांगत होता, ती मान हलवत ऐकत होती. मग तिने एकच प्रश्न विचारला आणि सालिमने हातातला खजूर परत ताटलीत ठेवला. मी अर्थ विचारला. झडप परत लावली का, असं ती विचारते आहे, तो म्हणाला, कुणाचं घर असं उघडं टाकून येत नाहीत.

लावली नव्हती. रय्याने कहव्याचं भांडं खाली ठेवलं आणि चपला घातल्या.

दुपारच्या उन्हात आम्ही चौघं परत तिथे गेलो. आम्ही खणलेला खड्डा भरून गेला होता. वर वाऱ्याच्या बारीक लाटा, पाऊल पडलंच नसल्यासारख्या. सालिमने फेकलेली झडपही कुठे दिसेना. रय्याने वाकून वाळूवर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"खलास," ती म्हणाली, म्हणजे झालं, मिटलं, आणि गाडीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. परतताना तिने सुहासला खजुरांची पिशवी दिली.

आम्ही सांगलीला परत आलो. गलबतं, कासवं, कनद हे सगळं सुहास रंगवून सांगतो. खिडकीपाशी आला की विषय बदलतो. लाकूड आकसताना वाजतं, एवढंच एकदा मला म्हणाला. मी वाद घातला नाही. कुणी का वाजवलं असेना, माझा माणूस मला परत मिळाला. फक्त त्या थांबून थांबून येणाऱ्या आवाजात काळजी होती की त्रासिकपणा, हे मला अजून ठरवता येत नाही. सुहासला कुणीतरी वाचवलं, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. कधी कधी वाटतं, त्याला नुसतं घराबाहेर काढलं.