मधला खांदा

इंग्रजीत ‘बेअर’ हे क्रियापद आलं की मी पोरांना आलोशियसचं उदाहरण देत असे. शाळेत दिलं, निवृत्तीनंतर शिकवणीतही दिलं. एक अर्थ ओझं वाहणे, दुसरा दुःख सोसणे. आमचा आलोशियस दोन्ही करतो, म्हणायचो. मास्तर माणूस, खडू हातात आला की काय वाटेल ते शहाणपण सुचतं. हल्ली ते उदाहरण देत नाही.

नायगावच्या खाडीकडच्या आमच्या गावात कुणाच्याही मयतीला शवपेटी उचलायला आलोशियस हजर. उंची बघून माणसं तोच लावायचा. उंच-बुटके एका बाजूला आले की पेटी कलंडते, म्हणून भल्याभल्यांना दंडाला धरून बाहेर काढायचा. बाप गेलेल्या पोराला मात्र त्याला नाही म्हणवत नसे. उंची जुळली नाही, तर अशा पोराला तो मध्ये उभा करायचा.

त्याची बायको आंजेला तोंडाची फटकळ. "साऱ्या गावाला खांदा देता, मला द्याल ना?"

"तुला दुसरा कोन देनार?" तो म्हणायचा.

खरंच कोणी नव्हतं. मूलबाळ नाही, भाऊबंद केव्हाच पांगलेले.

गेल्या पावसाळ्यानंतर आंजेला गेली. तोवर आलोशियस कमरेत पार वाकला होता, आणि गावातली तरणी पोरं एकजात उंच. माणसं लावायचं काम आता प्लासिड करतो, आलोशियसच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, क्षणभर घुटमळला आणि त्याला मधली जागा दिली. बरं केलंस, अशी मीही मान डोलावली.

चर्चच्या देवळापासून दफनभूमीपर्यंत आलोशियस टाचा उचलून चालला. खांदा वर ताणलेला, हाताची बोटं पेटीला कशीबशी टेकलेली. त्याचा खांदा आणि पेटी यांच्यामधून मला पलीकडची भिंत दिसत होती. माझ्याच्यानं बघवेना.

माती देऊन लोक पांगले. आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दिलास की रे खांदा. शब्द पाळलास."

तो सवयीनं खांदा चोळत होता. हात तिथंच थांबला.

"मधल्याला भार लागत नाय, मास्तर," तो म्हणाला. "रडनाऱ्या पोरांना मीच तिथं उभा करायचो."