पाचव्या शीलासाठी बारा वॅट

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारी माणसं आपले किस्से सांगून मोकळी होतात. आमच्यासारख्यांसमोर मात्र लोक, आम्ही तिथे नाहीच असं समजून, नवे घडवत राहतात. इंग्लंडमध्ये, स्लाऊला दर रविवारी भाड्याच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमची बुद्धवंदना होते. नंतरचा चहा माझ्याकडे असतो. चहा देणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही, सगळे कपाकडे बघतात. त्यामुळे बाबांनी सिगारेट सोडली, ते सगळं प्रकरण मला अगदी पहिल्या रांगेतून दिसलं.

*

सुरुवात शालिनीमावशींनी केली. मावशी सत्तरीच्या आहेत. नागपूरला मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे आमच्या हॉलमध्ये अजूनही शाळाच भरते. वंदना त्या घेतात, उशिरा आलेल्यांना घड्याळ दाखवतात आणि चहा झाला की पर्स घेऊन दहा मिनिटं वॉशरूममध्ये दात घासतात. "दातांची काळजी घ्यावी गं प्रज्ञा," असं मला दर रविवारी सांगतात. मी मान हलवते.

त्या दिवशी त्यांनी बाबांना थांबवलं. "या जयंतीला पंचशील तू द्यायचं. माझा आवाज आता मागच्या खुर्च्यांपर्यंत जात नाही."

पंचशील देणं म्हणजे पुढे उभं राहून एकेक शील म्हणायचं आणि सगळ्या हॉलने ते मागून म्हणायचं. मोठा मान! बाबा खूश झाले आणि ती खुशी साजरी करायला थेट हॉलच्या मागे, रीसायकलिंगच्या डब्यांजवळ गेले. तिथे ते आणि मेश्राम काका दर रविवारी सिगारेट ओढतात. दोघंही एकाच सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहेत, म्हणून ऑफिसातल्या रोजच्या उभ्या-उभ्या मीटिंगवरून ते याला 'स्टँडअप मीटिंग' म्हणतात.

मी कप गोळा करायला गेले होते.

"पाचवं शील कशाचं आहे, आठवतंय ना?" मेश्राम काकांनी विचारलं.

"नशेचं," बाबा म्हणाले. "सिगारेट त्यात येते की नाही, यावर मतभेद आहेत."

"असतील. पण तू ते म्हणायला लागलास की खिशातलं पाकीट खोकेल!"

बाबांनी हातातली सिगारेट अर्धीच विझवली. इतकी वर्षं आई जे करू शकली नाही, ते काकांच्या एका वाक्याने केलं. जयंतीला पाकीट खिशात ठेवून उभं राहायचं नाही, असं बाबांनी तिथेच ठरवलं. हातात तीन महिने होते.

*

जीपीकडच्या, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडच्या, नर्सने सुचवलं की सिगारेट एकदम सुटत नसेल, तर काही काळ व्हेपचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा, आधार घ्या.

दुसरा माणूस दुकानात जाऊन एक घेऊन आला असता. बाबांनी एक्सेल शीट उघडली.

अकरा मॉडेल, नऊ कॉलम. शर्टाच्या खिशात मावेल इतकं लहान. वॅट कमी. धूर, म्हणजे त्यांच्या भाषेत वाफ, थंड. आणि ड्रॉ टाइट, म्हणजे ओढताना सिगारेटसारखा अडसर जाणवला पाहिजे; नुसतं तोंड उघडून वारा प्यायल्यासारखं नको. प्रत्येक कॉलमला गुण. शेवटी एक 'रिस्क' नावाचा लाल कॉलम.

आईने मागून येऊन शीट शांतपणे पाहिली.

"माझ्या वेळी किती कॉलम होते हो?"

"तुझ्या वेळी एकच मॉडेल दाखवलं होतं," बाबा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले.

त्या रात्री डाळीत मीठ नव्हतं.

*

अडचण अशी होती की टाइट म्हणजे नक्की किती टाइट, हे ऑनलाइन कळेना. कोणी लिहायचं 'छान टाइट', कोणी 'जरा सैल'. टेस्टर माणसाला असली भाषा सहन होत नाही. म्हणून शनिवारी दुपारी बाबांनी किचन टेबलवर टेस्टिंग ठेवली आणि मेश्राम काकांना बोलावलं.

एक ज्यूसच्या छोट्या खोक्याची स्ट्रॉ, एक साधी कागदी स्ट्रॉ, एक बबल टीची जाडजूड स्ट्रॉ. टेस्ट डेटा म्हणून आईने केलेला मठ्ठा. मला नोंदी करायला बसवलं होतं.

काकांनी जाड स्ट्रॉने ओढलं. "हा फारच ओपन. घशात थेट धबधबा."

कागदी स्ट्रॉ. "मध्यम. ऑफिसच्या कॉफीसारखा. काही आठवत नाही."

मग ज्यूसची बारीक स्ट्रॉ. काकांनी डोळे मिटले. ओढलं. अजून ओढलं. गाल आत गेले, कान लाल झाले.

"टाइट!" बाबा आनंदाने ओरडले. "प्रज्ञा, लिही! हाच तो ड्रॉ!"

काकांना बोलता येईना, ते हाताने नको नको करत होते. स्ट्रॉ काढून बघितली तर तिच्या तोंडाशी कोथिंबिरीचं पान अडकलेलं.

मी वहीत लिहिलं : 'निकाल ग्राह्य नाही.'

*

अठराखालच्यांना व्हेपच्या दुकानात जाऊ देत नाहीत. मी बाहेर बसस्टॉपच्या बाकावर बसले. दुकानाचं दार उघडंच होतं आणि बाबांचा आवाज मीटिंगमधला होता.

काउंटरवर हिरव्या केसांची मुलगी होती. बाबांनी छापलेली शीट तिच्यासमोर पसरली. तिने ती पाहिली आणि विचारलं, फ्लेवर कुठला हवा? आंबा आहे, टरबूज आहे, बबलगम आहे.

"फ्लेवर हा माझा क्रायटेरिया नाही," बाबा म्हणाले.

मागे रांग वाढत दाराबाहेर आली. रांगेतले एक आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, आत कोणीतरी घर विकत घेतंय बहुतेक.

शेवटी बाबा बारा वॅटचं एक उपकरण घेऊन बाहेर आले. अंगठ्याएवढं, करड्या रंगाचं, पुदिन्याचं. ते मुठीत धरून मला म्हणाले, "त्या मुलीला आपली शीट इतकी आवडली की तिने एक कॉपी ठेवून घेतली!"

मला तिचा चेहरा दिसला होता.

*

मेश्राम काकांनी शीट वगैरे केली नाही. त्यांनी दुकानातलं सगळ्यात मोठं उचललं. ऐंशी वॅट, दोन बॅटऱ्या, आकार छोट्या टिफिनएवढा.

रविवारी स्टँडअपला दोघांनी आपापलं काढलं. बाबांनी एक हलका झुरका घेतला, बोटभर वाफ आली आणि विरली. "थंड आहे, टाइट आहे," बाबा म्हणाले. मग काकांनी बटण दाबलं.

काका दिसेनासे झाले. डबे दिसेनासे झाले. त्या ढगातून फक्त खोकला ऐकू येत होता. हॉलचा केअरटेकर मागचं दार ढकलून आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावत आला!

"हे व्हेप नाही, न्हाणीघरातला बंब आहे!" बाबा म्हणाले. "आंघोळीला पाणी ठेव यावर."

काकांनी तो बंब परत केला आणि महिनाभर केअरटेकरची नजर चुकवली.

*

याच दिवसांत शाळेत आमच्या असेंब्लीला व्हेपिंगच्या धोक्यांवर बोलायला एक बाई आल्या. त्यांनी विचारलं, यात कॉइल काय काम करते, कोणाला सांगता येईल का?

सगळ्या इयर टेनमधून, म्हणजे आमच्या इयत्तेतून, एकही हात वर गेला नाही. मला कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, माहीत होती, ओहम माहीत होते, कमी वॅटला वाफ थंड का राहते तेही माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या हॉलमध्ये उत्तर फक्त मला येत होतं.

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

*

बाबांची सिगारेट सुटली. आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. आणि मग जयंतीच्या आदल्या शनिवारी ते उपकरण हरवलं.

बाबांनी कोटाचे खिसे उलटे केले, गाडीच्या सीटखाली हात घातले. दुपारपर्यंत ते कोपऱ्यावरच्या दुकानाकडे दोनदा जाऊन दारातूनच परत आले. त्या दुकानात सिगारेट मिळते. आईने कणीक तिसऱ्यांदा मळली.

तेवढ्यात मावशींचा फोन आला. "अरे, शुक्रवारी तयारीच्या वेळी हॉलच्या लॅपटॉपला तुझा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला होता. मी घरी आणला बापा. जयंतीच्या स्लाइड यातच आहेत नं? उघडतच नाही!"

बाबांनी ते उपकरण तिथे चार्जिंगला लावलं होतं!

आम्ही तिघं गेलो; मेश्राम काका गाडी चालवायला, कारण बाबांचा हात स्टीअरिंगऐवजी सारखा खिशाकडे जात होता. मावशींनी उपकरण धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.

"याला पुदिन्याचा वास कसा येतो?" त्यांनी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. काही तरी रचून सांगणार, हे मला दिसत होतं. काका त्यांच्या कानाशी पुटपुटले, "पाचवं वाचवायला चौथं मोडतोस?" चौथं शील खोटं न बोलण्याचं.

बाबांनी तोंड मिटलं, मग परत उघडलं. "मावशी, हा पेन ड्राइव्ह नाही. सिगारेट सोडायला घेतलेलं व्हेप आहे. उद्यासाठीच सोडतोय."

मावशींनी उपकरण उलटसुलट करून पाहिलं. "सिगारेट सुटली?"

"पाच आठवडे झाले."

"आणि हे कधी सोडशील?"

बाबांच्या नऊ कॉलमांत हा प्रश्न नव्हता.

मला पाणी हवं होतं, म्हणून मी किचनमध्ये गेले. सिंकच्या खिडकीत एक चपटी डबी उघडी होती. आत काळी पूड. माझी नागपूरची आजी जिने दात घासायची, तीच; मिशरी, म्हणजे भाजलेली तंबाखू. मी पाणी प्यायले, ग्लास विसळला आणि डबीचं झाकण लावून ठेवलं. वळले तर दारात मावशी उभ्या होत्या.

त्यांनी मला दातांबद्दल काही सांगितलं नाही.

*

जयंतीला हॉल भरला होता. बाबा पांढऱ्या शर्टात, हात जोडून पुढे उभे राहिले. पाकीट नव्हतं, उपकरण आईच्या पर्समध्ये होतं आणि सवयीवर विश्वास नको म्हणून आईने शर्टाचा खिसा सकाळीच शिवून टाकला होता. बाबांना न सांगता.

चार शीलं खणखणीत झाली. पाचवं आलं आणि बाबांचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला. बोटांनी चाचपलं, खिसा उघडेना. हात तिथेच छातीवर थांबला. बाबांनी तो तसाच ठेवून शील पूर्ण केलं.

पहिल्या रांगेतल्या मुलांनी आपापला हात छातीवर ठेवला. मग दुसऱ्या रांगेने. मग सगळ्या हॉलने!

आता दर रविवारी पाचव्या शीलाला सगळे छातीवर हात ठेवतात. लेस्टरहून आलेल्या एका पाहुण्यांनी कारण विचारलं, तेव्हा मेश्राम काका गंभीरपणे म्हणाले, "ही इथली पद्धत आहे."

कार्यक्रमानंतर मी किचनमध्ये कप धूत होते. मावशी आत आल्या. दार लोटलं, पर्समधून ती चपटी डबी काढली आणि माझ्या ओल्या हातात ठेवली.

"हे तुझ्या बाबांकडे दे, सांभाळून ठेवायला. काय आहे म्हणून विचारलं तर पेन ड्राइव्ह आहे म्हणून सांग."

मी डबीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मावशी," मी म्हटलं, "चौथं शील."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अगं बाई! तू बोलतेस!"